जिऱ्याचा भाव जगाचा, तर तपासणीही तीच हवी
मसाला मंडळ आणि अन्न सुरक्षा प्राधिकरण यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, मसाला मंडळ (स्पायसेस बोर्ड), कोची
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, नवी दिल्ली

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आम्ही महाराष्ट्रातले छोटे मसाला उत्पादक आणि मसाले करणारे बचत गट आहोत. आमच्यातला कोणी वर्षाला दोन क्विंटल जिरे-धणे घेतो, कोणी दहा-वीस टन. माल वाशीच्या मसाला मार्केटमधून येतो, पुण्याच्या मार्केट यार्डातून येतो, कधी थेट गुजरातमधल्या उंझ्याच्या जिरे बाजारातून. गोडा मसाला असो, काळा असो की कांदा-लसूण, धणे-जिऱ्याशिवाय त्यातला एकही होत नाही. मेथी, बडीशेप, ओवा, बाळंतशोपा हेही धणे-जिऱ्यासारखे बियांचे मसाले. त्यांची पिके गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशात होतात. उंझ्याच्या ज्या ढिगावर निर्यातदार बोली लावतो, त्याच ढिगातला माल शेवटी आमच्या गोणीत येतो. फरक इतकाच की त्याच्या कंटेनरबरोबर प्रयोगशाळेचा अहवाल जातो आणि आमच्या गोणीबरोबर नुसते बिल येते. भाव मात्र दोघांना एकच.

एप्रिल २०२४ मध्ये दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या, तेव्हापासून हे जास्तच खुपते आहे. हाँगकाँगच्या अन्न सुरक्षा केंद्राने आणि त्यामागोमाग सिंगापूरने भारतीय पाकीटबंद मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड हा जंतू मारायचा वायू सापडल्याचे जाहीर केले. मसाला मंडळाने हालचाल केली आणि या दोन ठिकाणी जाणाऱ्या मालाची तपासणी सक्तीची केली. त्याच महिन्यात प्राधिकरणाच्या आदेशाने, मसाल्यांत ज्या कीटकनाशकांची मर्यादा ठरलेली नाही त्यांची सर्वसाधारण मर्यादा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमवरून ०.१ मिलिग्रॅम झाली. एकीकडे परदेशी खरेदीदारासाठी चाळणी बारीक झाली, दुसरीकडे घरच्या खरेदीदारासाठी ती दहापट मोठी झाली.

प्राधिकरणाने तेव्हा केलेला खुलासा आम्ही वाचला आहे. मसाला वाळवल्यावर अवशेषांचे प्रमाण वाढते, शिवाय तो खाल्ला जातो चिमूटभर, हे म्हणणे आम्ही उडवून लावत नाही. मिरचीला ते लागू पडते. ओली मिरची वाळली की वजन जेमतेम चौथाई उरते आणि फवाऱ्याचा अंश जवळपास तेवढाच राहतो, म्हणून किलोमागचा आकडा फुगतो. जिऱ्याचे तसे नाही. जिरे आणि धणे झाडावरच पिकून वाळतात. उपटल्यावर खळ्यात चार-दोन दिवस ऊन दिले की झाले. पाणी आटून वजन चौथाईवर यावे असे त्यात काही घडत नाही. मग मिरचीचा हिशेब जिऱ्याला का लावायचा? बियांच्या मसाल्यांसाठी वेगळी मर्यादा हवी आणि ती कशाच्या आधारावर ठरली हेही लोकांना कळायला हवे.

भावाचा प्रश्नही यापासून वेगळा नाही. मंडळाच्या निर्यातीच्या आकडेवारीत रुपयांचा विक्रम ठळक दिसतो, आम्ही त्यातले टन बघतो. २०२०-२१ मध्ये सुमारे २.९९ लाख टन जिरे बाहेर गेले आणि सुमारे ४,२५३ कोटी रुपये आले, म्हणजे किलोला सरासरी १४२ रुपये. २०२१-२२ मध्ये माल २.१७ लाख टनांवर उतरला, सरासरी १५४. २०२२-२३ मध्ये १.८७ लाख टन, सरासरी २२५. २०२३-२४ मध्ये तर फक्त १.६५ लाख टन गेले आणि आले सुमारे ५,७९७ कोटी. किलोला ३५१ रुपये! तीन वर्षांत माल ४५ टक्क्यांनी घटला, कमाई ३६ टक्क्यांनी वाढली. २०२४-२५ मध्ये माल पुन्हा २.३ लाख टनांच्या आसपास आला आणि सरासरी २७० रुपयांपर्यंत खाली आली.

या आकड्यांकडे खरेदीदार म्हणून पाहिले तर वेगळेच दिसते. २०२१ नंतर मोहरीसारख्या पिकांना चांगला भाव मिळू लागला, शेतकऱ्यांनी जिऱ्याखालचे क्षेत्र कमी केले. मार्च २०२३ मध्ये काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला. चीनची खरेदी सुरूच होती. त्या वर्षी वायदा (पुढच्या तारखेच्या सौद्याचा भाव) क्विंटलला ६० हजारांच्या वर गेला, म्हणजे घाऊकलाच किलोला ६०० रुपये. तो भाव पाहून पुढच्या रब्बीत गुजरातेत पेरा जवळपास दुप्पट झाला आणि २०२४ मध्ये भाव निम्म्याहून खाली कोसळला. ज्याने मे-जून २०२३ मध्ये वर्षाचे जिरे भरून ठेवले, त्याची पुढच्या वर्षीची मसाल्याची किंमतच बाजारात बसेना. पेरा घटल्याचे आकडे डिसेंबरातच हाताशी असतात. ते वेळेवर, टनांत आणि आम्हाला कळेल अशा भाषेत मिळाले असते, तर निदान निम्मी खरेदी तरी पुढेमागे करता आली असती.

आमची अडचण मुळात वेळेची आहे. नवे जिरे उंझ्याला मार्च-एप्रिलमध्ये येते. महाराष्ट्रात वर्षाचा मसाला कांडायचा हंगाम मार्च ते मे, पावसाच्या आत सगळे डब्यात जायला हवे. सिरिया आणि तुर्कस्तानचे जिरे जून-जुलैशिवाय बाजारात येत नाही, चीनचेही तेव्हाच. म्हणजे ज्या तीन महिन्यांत आम्हाला माल हवाच असतो, त्याच तीन महिन्यांत जगालाही भारताशिवाय दुसरा मोठा विक्रेता नसतो. परदेशी खरेदीदार चार महिने थांबू शकतो, त्याच्यापुढे दुसरे पीक यायचे असते. आम्ही थांबलो तर पावसाळी हवेत भाजणी नीट होत नाही आणि दळलेल्या मसाल्याला गुठळ्या धरतात. आता चीनमध्येही जिऱ्याचे पीक वाढते आहे, आपला मोठा ग्राहक हळूहळू आपला स्पर्धक होतो आहे. असे असताना छोट्या खरेदीदाराने मार्चमध्येच सगळी खरेदी उरकणे धोक्याचे आहे. निम्मी नव्या आवकेत, पाव मेच्या शेवटी आणि पाव जुलैनंतर, अशी विभागून करावी असे आम्ही एकमेकांना सांगतो. पण तेही अंदाजावर, हातात आकडे नसताना.

भाव वाचायलाही एक मेख आहे. उंझ्याचा भाव २० किलोचा असतो, वायद्याचा क्विंटलचा, वाशीत अडत्या किलोचा सांगतो. ४,५०० रुपये ऐकून कोणाला जिरे महाग वाटते, कोणाला स्वस्त. प्रत्यक्षात ते किलोला २२५ असते.

आता शुद्धतेबद्दल. बाजारात 'युरोप क्वालिटी' म्हणजे ९९.५ टक्के स्वच्छ आणि 'सिंगापूर क्वालिटी' म्हणजे ९९ टक्के. देशाच्या २०११ च्या नियमावलीत अख्ख्या जिऱ्यात ३ टक्क्यांपर्यंत इतर पदार्थ चालतात. टनाला धरले तर युरोपच्या मालात ५ किलो कचरा, आमच्यात ३० किलोपर्यंत, आणि तोही कायदेशीर. किलोला २५० रुपये धरले तरी टनामागे साडेसात हजारांची माती, काड्या आणि देठ आम्ही जिऱ्याच्या भावाने विकत घेतो. नुकसान पैशापुरतेच असते तर निवडणाऱ्या बायांची मजुरी धरून आम्ही ते सोसलेही असते. पण कचरा म्हणजे नुसती माती नव्हे.

जिरे कापत नाहीत, रोप मुळासकट उपटतात आणि जमिनीवरच झोडपतात. मुळाची माती येते आणि शेतातले तणही येते. त्या तणात भुरुंडीच्या जातीची झुडपे असली तर त्यांच्यातली पायरोलिझिडीन अल्कलॉइड नावाची यकृताला घातक द्रव्ये मालात उतरतात. युरोपीय संघाने जुलै २०२२ पासून जिऱ्यात यांची मर्यादा किलोमागे ४०० मायक्रोग्रॅम ठेवली आहे, तुर्की जिऱ्यावर याच कारणासाठी वाढीव तपासणी बसली. तण बी धरण्याआधी खुरपले, झोडपणी ताडपत्रीवर केली आणि गुरुत्व यंत्रातून हलका माल वेगळा काढला तर हा दोष बराच आवरतो. निर्यातीच्या लॉटला ही काळजी घेतली जाते, कारण तिकडे मोजणारा बसलेला आहे. यंत्राने बाजूला काढलेला हलका, सुरकुतलेला, काडीमिश्रित माल मात्र स्वस्त म्हणून देशातच विकला जातो आणि बहुतेक वेळा पूड होऊन. पूड झाल्यावर काडी कुठली आणि दाणा कुठला, कोण सांगणार?

म्हणूनच भाव चढला की पूड घेऊ नये. २०१४ च्या अखेरीस आणि २०१५ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमध्ये जिऱ्याची पूड असलेली असंख्य उत्पादने परत मागवावी लागली, कारण त्यात शेंगदाण्याचे आणि बदामाचे प्रथिन असल्याचे निष्कर्ष आले. ॲलर्जी असलेल्या माणसाच्या जिवावर बेतणारी ही गोष्ट. त्या हंगामात गुजरातेतले पीक कमी होते, भाव चढे होते, आणि स्वस्त भर घातली गेली असावी असा अंदाज तेव्हा जाणकारांनी मांडला. आपल्याकडे गवताच्या बियांना रंग चढवून जिरे म्हणून खपवण्याचे प्रकार पकडले गेलेच आहेत. मूठभर जिरे तळहातावर चोळून हात काळा होतो का पाहणे, एवढीच चाचणी ग्राहकाच्या हाती आहे. पुडीवर तीही चालत नाही.

धण्यात हिरवेपणाला भाव आहे. बदामी, ईगल, स्कूटर, सिंगल पॅरट, डबल पॅरट या प्रती रंगावरून ठरतात, जितका हिरवा तितका महाग. त्यामुळे पिवळसर धण्याला गंधकाची धुरी देऊन उजळवण्याचा मोह होतो. दळायला घेणाऱ्याने रंगाचे पैसे देऊच नयेत असे आमचे मत आहे. मसाल्याला वास लागतो आणि तो बदामीतही तितकाच चांगला असू शकतो. दोन धणे दाताखाली फोडले की कळते. पण गंधकाचा अंश किती आहे, हे दाताला कळत नाही.

इथिलीन ऑक्साइडबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण यावर घबराट जास्त आणि माहिती कमी आहे. हा वायू साल्मोनेलासारखे जंतू मारायला वापरतात. वायू उडून जातो, पण त्याआधी मसाल्यातल्या क्लोराइडशी संयोग होऊन २-क्लोरोइथेनॉल तयार होते आणि ते मागे राहते. युरोपात दोन्हींची बेरीज किलोमागे ०.१ मिलिग्रॅमच्या आत लागते. अमेरिकेत मात्र वायूला ७ आणि क्लोरोइथेनॉलला ९४० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. एकच गोणी एका बंदरात चोख ठरते आणि दुसऱ्या बंदरात नाकारली जाते ती यामुळे. मग नाकारलेल्या मालाचे पुढे काय होते? तो परत आला का, आल्यावर तपासला का, तपासून कुठे गेला, हे लॉट क्रमांकासह आमच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे प्रत्येक स्वस्त ऑफरकडे आम्हाला संशयाने बघावे लागते आणि त्यात प्रामाणिक व्यापारीही भरडला जातो.

एप्रिल २०२४ च्या त्या प्रकरणानंतर देशभरातून नमुने घेतल्याचे आणि त्यात हा वायू आढळला नसल्याचे सांगितले गेले. ते चांगलेच झाले. पण एकदा केलेल्या मोहिमेचा निकाल पुढच्या हंगामाच्या गोणीला लागू होत नाही.

जंतू मारायला दुसरे मार्ग आहेत. वाफेचा मार्ग सर्वात बरा, मात्र दळण्याआधी, अख्ख्या दाण्यावर. वाफ जास्त वेळ बसली तर सुगंधी तेल उडते, धणे काळवंडतात, आणि नंतर झटपट वाळवले नाही तर ओल राहून बुरशी धरते. दुसरा मार्ग किरणांचा. वाशीला अणुऊर्जा विभागाचा विकिरण प्रकल्प २००० सालापासून मसाल्यांसाठी चालू आहे, आपल्या नियमांत मसाल्यांना ६ ते १४ किलोग्रे मात्रा मान्य आहे. बरेच परदेशी खरेदीदार विकिरण केलेला माल घेत नाहीत, पण देशातल्या वापराला त्याची आडकाठी नाही. मसाला मार्केटच्या दारात ही सोय आहे. पाच गोण्यांचा खरेदीदार तिथपर्यंत पोहोचत नाही, कारण छोट्या खेपा एकत्र करून पाठवणारी यंत्रणाच नाही.

ओलीच्या चाचणीचेही असेच. जिऱ्यात ओल १० टक्क्यांच्या आत हवी. पण भट्टीत वाळवून वजन घेतले की ओलीबरोबर सुगंधी तेलही उडते, आणि जिऱ्यात ते दोन ते चार टक्के असते. मग तेलाने भरलेले उत्तम जिरे ओले ठरते. म्हणून मसाल्याची ओल टोल्युइन नावाच्या द्रावकाबरोबर ऊर्ध्वपातन करून, पाणी वेगळे मोजून काढतात. ही सोय तालुक्याला नाही, जिल्ह्यालाही बहुधा नाही. बचत गट अंदाजाने घेतो आणि ऑगस्टमध्ये डब्यात किडे निघाले की तोट्याचे धनी आम्हीच.

लॉट क्रमांकावर आम्ही एवढे का अडून बसलो आहोत, तेही सांगतो. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय जंतूच्या साथीत ५० हून अधिक माणसे गेली. आधी संशय काकडीवर होता. माग काढत काढत तपास मोड आणायच्या मेथीपर्यंत आणि शेवटी इजिप्तहून आलेल्या १५ टनांच्या एका लॉटपर्यंत पोहोचला. कागद होते म्हणून पोहोचला. उद्या आपल्याकडच्या मेथीत असे काही निघाले, तर किराणा दुकानातल्या सुट्या मेथीवरून कोणत्या मंडीपर्यंत जाता येईल?

आमच्या मागण्या अशा.

एक. उंझा, जोधपूर, मेडता, रामगंज मंडी, गोंडल अशा मोठ्या बाजारांतून साफ होऊन निघणाऱ्या प्रत्येक गोणीवर लॉट क्रमांक, मंडी, हंगामाचे वर्ष, स्वच्छतेची टक्केवारी आणि केलेली प्रक्रिया (वाफ, किरण की काहीच नाही) छापणे सक्तीचे करा. देशात विकायच्या गोणीवरही.

दोन. परदेशातून नाकारलेल्या प्रत्येक खेपेचा लॉट क्रमांक, नाकारण्याचे कारण आणि पुढे त्या मालाचे काय केले, हे तीस दिवसांत जाहीर करा. निर्यातदाराचे नाव नाही दिले तरी चालेल, क्रमांक द्या.

तीन. बियांच्या मसाल्यांसाठी कीटकनाशकांच्या स्वतंत्र मर्यादा ठरवा. करपा, भुरी, मर हे रोग आणि मावा ही कीड यांच्यावर जिऱ्याच्या शेतात जी औषधे खरोखर फवारली जातात त्यांच्यापासून सुरुवात करा. अजमेरचे राष्ट्रीय बीजीय मसाले संशोधन केंद्र यासाठीच आहे, त्याला हाताशी घ्या. शेतकऱ्याला काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची ते त्याच्या भाषेत सांगा. दोष त्याच्या माथी मारू नका. फुलोऱ्यात ढगाळ हवा आली की करप्याने आठवड्यात शेत जाते, तेव्हा तो फवारणारच.

चार. देशातल्या अख्ख्या जिऱ्यातील इतर पदार्थांची मर्यादा तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने १ टक्क्यावर आणा आणि तणातल्या अल्कलॉइडची चाचणी देशांतर्गत नमुन्यांतही सुरू करा.

पाच. दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत मागच्या महिन्यात कोणता बियांचा मसाला किती टन, कोणत्या देशात, सरासरी किती रुपये किलोने गेला, याचे एक पान मराठी, गुजराती आणि हिंदीत द्या. त्यातच पेऱ्याचे क्षेत्र आणि आवक द्या. भाव किलोचा लिहा.

सहा. मसाला मंडळाच्या मुंबईच्या प्रयोगशाळेत छोट्या खरेदीदारांसाठी एकत्रित नमुन्याची सवलतीची सोय करा. दहा गटांनी एकाच लॉटच्या गोण्या घेतल्या, प्रत्येक गोणीतून पोकळ सळईने वरून, मधून आणि तळातून नमुना काढला आणि मिसळून एक किलो पाठवला, तर एका चाचणीचा खर्च दहांत वाटला जाईल. आज एका चाचणीलाच काही हजार लागतात, दोन गोण्यांच्या खरेदीत ते बसत नाही. त्याच खिडकीवर वाशीच्या विकिरण प्रकल्पासाठी छोट्या खेपा एकत्र करून घ्या.

यातल्या पाचव्या मागणीला नवा कायदा लागत नाही, सहावीला एक खिडकी आणि एक माणूस पुरे. पहिल्या चारांना वेळ लागेल, हे आम्हाला समजते. नव्या जिऱ्याची आवक मार्चमध्ये सुरू होते. निदान या दोन गोष्टी त्याआधी सुरू व्हाव्यात आणि उरलेल्या चारांचे वेळापत्रक लेखी मिळावे, ही विनंती. बैठकीला बोलावलेत तर आम्ही आमच्या गोण्यांतले नमुने आणि निवडून काढलेला कचरा तोलून, मोजून घेऊन येऊ.

आपले,
महाराष्ट्रातील काही छोटे मसाला उत्पादक आणि बचत गट